बाबांना चेंबरने मारलं नाही

बाबा सोमवारी सकाळी खुर्चीत गेले. मंगळवारी वर्तमानपत्राने त्यांना रस्त्यावर मारलं.

यात वर्तमानपत्राचा दोष निम्माच. उरलेला निम्मा माझा आणि माझ्या स्टेपलरचा.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर ड्रेनेजचं एक चेंबर आहे. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि झाकण होतं तिथेच राहिलं. बाबा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी रस्त्यात उकिडवं बसून फूटपट्टीने खोली मोजली. साडेचार इंच! येणारं प्रत्येक वाहन त्यात आदळे आणि ‘डब्’ असा आवाज येई. दुपारच्या उन्हात अर्धवट डोळे मिटून पडलं, की तो आवाज मला फार लांबून, एखाद्या विहिरीतून आल्यासारखा वाटायचा. बाबांना तसं काही वाटत नसे. ते दर महिन्याला संपादकांना पत्र लिहीत. एकही छापून आलं नाही. सोसायटीत त्यांचं नाव मात्र ‘झाकणकाका’ पडलं.

सोमवारी दुपारी मी निधनवार्ता द्यायला निघाले, तेव्हा टेबलावर त्यांचं नवं पत्र दिसलं. सही झाली होती, पाठवायचं राहिलं होतं. नाहीतरी जातेच आहे, तर तेही देऊ, असं मनात आलं. आता मी कॉलेजात ग्रंथपाल. सुटे कागद हरवतात, यावर माझी देवापेक्षा जास्त श्रद्धा! मी निधनवार्ता, फोटो आणि पत्र यांना मिळून एक पिन मारली, तो गठ्ठा वर्तमानपत्राच्या ऑफिसच्या खिडकीत दिला आणि घरी आले.

पत्रात शेवटी लिहिलं होतं, “या झाकणापायी एक दिवस कोणा वृद्धाचा जीव जाईल.”

मंगळवारी पान तीनवर मथळा होता, ‘चेंबरने घेतला ज्येष्ठाचा बळी! मृत्यूपूर्वीच दिला होता इशारा.’ शेजारी बाबांचा फोटो. पासपोर्टच्या फोटोत ते नेहमीच रागावलेले दिसत. इथे ते थेट चेंबरवर रागावल्यासारखे दिसत होते.

आईने बातमी वाचली आणि चष्मा काढला.

“अगं, हे कधी पडले? मला कसं नाही सांगितलं?”

“आई, ते पडले नाहीत. तू समोर होतीस. तू चहा देत होतीस!”

“तेच म्हणते मी,” आई म्हणाली, आणि पुन्हा चष्मा लावून तिने बातमी पहिल्यापासून वाचली.

तोवर शेजारचे परांजपे काका आले. सोमवारी डॉक्टरांना यांनीच बोलावून आणलं होतं.

“चेंबरपाशी पडले होते म्हणे?”

“काका, तुम्हीच तर त्यांना खुर्चीतून उचललंत!”

“उचललं, हो. पण मी आलो नंतर. आधी काय घडलं, ते मी कसं सांगणार? पेपरवाले चौकशी करूनच छापत असतील.”

खोटं कशाला सांगू, मीही ती बातमी तीन वेळा वाचली. तिसऱ्या वेळी मला ते दिसू लागले. सकाळचं कोवळं ऊन, पांढरा सदरा, हातात फूटपट्टी, आणि सावकाश, अगदी पान गळावं तसं ते खाली येताहेत. खुर्चीत बसल्या बसल्या जाण्यापेक्षा हे काहीसं शोभून दिसत होतं. मग आत कुकरची शिट्टी झाली आणि ते पुन्हा खुर्चीत गेले.

दुपारी वाहिनीवाले आले. एका मुलीने आईसमोर माईक धरला.

“काकू, शेवटचे शब्द काय होते त्यांचे?”

“साखर कमी घाल, म्हणाले.”

“चेंबरबद्दल काही?”

“तेव्हा नाही. पण एरवी वर्षभर दुसरं काय बोलत होते?”

संध्याकाळी पडद्यावर आई फक्त “वर्षभर दुसरं काय बोलत होते?” एवढंच म्हणाली आणि खाली पट्टी फिरू लागली. मग सगळं पुणे चेंबरबद्दल बोलू लागलं. माझी खराडीला राहणारी मावसबहीण भेटायला आली, ती आधी झाकणाचा फोटो काढून मगच वर आली. वर्षभर हसणारे सोसायटीचे चेअरमन फलक घेऊन फाटकात उभे राहिले. नगरसेवक आले, त्यांनी झाकणाला हार घातला आणि वाकून नमस्कार केला. (वर बाबांच्या फोटोला हार घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. खाली कॅमेरा होता.) कनिष्ठ अभियंत्यांनी जाहीर केलं, “उद्या सकाळी काम सुरू. झाकण वर घेणार आणि भोवती डांबराचा उतार करणार. दोन दिवसांत पूर्ण!”

मी हळूच डोळे पुसले. बाबांचं काम होणार होतं.

“उद्या सकाळी त्या ऑफिसात जा आणि खरं छापून आण,” आई म्हणाली.

“आई, दोन दिवस थांबूया. काम तर होऊ दे.”

“म्हणजे दोन दिवस त्यांनी रस्त्यावर मेलेलं राहायचं? अर्ध्या इंचाची चूक त्यांनी कधी चालवून घेतली नाही. माझ्यासमोर शांतपणे गेले ते. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे.”

बुधवारी फाटकासमोर पहार वाजू लागली, तेव्हा मी वर्तमानपत्राच्या ऑफिसात होते. उपसंपादक बाईंनी मान वर न करता विचारलं,

“वडील वारले, हे खरं आहे ना?”

“हो.”

“झाकण खाली आहे, हेही खरं?”

“हो. पण या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.”

“अहो, संबंध नसेल तर बातमी कुठली?” त्या म्हणाल्या. “कागद तर आपणच जोडून दिलेत.”

मी पिन मारल्याचं कबूल केलं. तसं लेखी दिलं. गुरुवारी पान नऊवर, साड्यांच्या प्रदर्शनाच्या जाहिरातीखाली, दोन ओळींचा खुलासा आला. संबंधित ज्येष्ठ नागरिकाचे निधन नैसर्गिक कारणाने झाले. आईने तो कापला आणि बाबांच्या फोटोमागे ठेवला. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

अख्ख्या पुण्यात तो खुलासा आणखी एकाच माणसाने वाचला. कनिष्ठ अभियंत्यांनी!

त्याच सकाळी अकरा वाजता मजूर पहारी गोळा करून टेम्पोत बसले. मी स्लिपर घालून धावत खाली गेले.

“अहो, डांबर राहिलंय! झाकण नुसतंच वर आलंय.”

“मॅडम, हे तातडीच्या कामात होतं,” अभियंते समजुतीने म्हणाले. “आपले वडील नैसर्गिक गेले ना? मग ते आता नियमित कामात गेलं.”

“पण झाकण तर तेच आहे!”

“झाकण तेच आहे हो. प्रसंग बदलला.”

त्याच दिवशी शहरात दुसरीकडे कुठेतरी एक झाड पडलं आणि वाहिनीवाले तिकडे गेले. चेअरमननी फलक जिन्याखाली ठेवले. परांजपे काका म्हणाले, “मी पहिल्यापासून सांगत होतो, खुर्चीतच गेले.”

याला आता दोन वर्षं झाली. झाकण रस्त्याच्या वर आहे. किती वर, ते मी एका रविवारी फूटपट्टीने मोजलं. पाच इंच. गाड्या त्याला वळसा घालून जातात, त्यामुळे आवाज येत नाही. मी मात्र कॉलेजातून येताना पुस्तकात डोकं घालून चालते. आतापर्यंत चार वेळा ठेचकाळले आहे. त्यात छापण्यासारखं काही नाही.