गोल डब्यातली नळी

धुळ्याच्या दवाखान्यात सुगंधाबाई म्हणजे क्लोरोफॉर्मची बाई. ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या डोक्याशी उभं राहायचा मान तिचा. मी तिथे ड्रेसर, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. मी जरा तिकडे सरकलो तरी कोपर मारायची.

एकेचाळीस साली मुंबईहून डॉक्टर अनवरी आल्या आणि सुगंधाबाईच्या पोटात दुखायला लागलं. अनवरी भूल द्यायला पेशंटच्या नाकातून रबरी नळी थेट श्वासनळीत घालत. आतलं काही दिसत नसे. नळीच्या टोकाला कान लावायचा आणि श्वासाचा आवाज वाढेल तसतसं पुढे सरकायचं. मोठे डॉक्टर "वा!" म्हणाले की सुगंधाबाईचं तोंड कडू व्हायचं. इतक्या वर्षांत तिला कुणी वा म्हटलं नव्हतं.

या नळ्या अनवरी बिस्किटांच्या गोल डब्यात वेटोळं करून ठेवत. त्यामुळे रबराला बाक राहायचा, आणि बाक असला तरच टोक श्वासनळीकडे वळायचं.

मग दोंडाईच्याचा भटू आला. लहानपणी कानाजवळ गळू होऊन त्याचा जबडा कायमचा मिटला होता. दातांच्या फटीतून पेज ओढून जगलेला माणूस. जबडा मोकळा करायचं ऑपरेशन ठरलं, पण तोंड उघडत नाही म्हटल्यावर भूल द्यायची ती नाकातूनच. आदल्या दिवशी सुगंधाबाईने नळ्या उकळल्या आणि खाली चिमटे अडकवून खिळ्याला सरळ टांगून ठेवल्या. सवयीने, म्हणाली. मला विचाराल तर जळून.

टेबलावर नळी आत गेली आणि श्वासाचा आवाजच बंद झाला. ती अन्ननळीत शिरली होती. दुसऱ्यांदाही तेच. भटूचे ओठ निळे पडू लागले. सुगंधाबाईचा चेहरा आधी खुलला होता, तो पांढराफटक झाला. अनवरींनी नळी गरम पाण्यात बुडवली, बोटांभोवती गुंडाळून तिला बाक दिला, भटूची मान मागे कलवली. या खेपेला आवाज आला.

पट्ट्या सुटल्यावर भटू रडला. "मन्हं तोंड उघडनं वं माय!" म्हणाला तो अनवरींनाच.

अनवरींनी डबा सुगंधाबाईच्या हातात दिला. "रबरच खराब निघालं. आता तुम्हीच सांभाळा या नळ्या. तुमच्याइतकं नीटनेटकं इथे कोण आहे?"

सुगंधाबाई चादरींच्या खोलीत जाऊन हमसून रडली. मला वाटलं, पस्तावली बिचारी.

"पस्तावते कसली!" ती माझ्यावर खेकसली. "तिला माझा संशयसुद्धा आला नाही रे भाऊ. मी तिच्या खिजगणतीतच नाही."