मशिनीपाशी सगळेच बहिरे

मला वाचवलं ते आमच्या कापसाच्या जिनिंगच्या फिटरकाकांनी. सातवीतच शाळा सुटलेली मी सोलापूरकडून आदिलाबादला आले आणि बहिरेपण लपवून कामाला लागले. काका मात्र ओळखून होते. हातातला पाना हलवत आधी समोर येत, मगच "माय" म्हणून बोलत.

एकदा शेठ मागून हाका मारत राहिले. मी वळले तोवर ते संतापलेले. ओठांवरून कळलं, "बहिरी हाय का? मशिनीच्या पट्ट्यात सापडंल. काढा हिला!" मी काकांकडे पाहिलं.

काका हसले. "मशिनीपाशी आमी सगळेच बहिरे, शेठ. तुमी काऊन वरडून राह्यले? समोर या, हात दाखवा."

आता सगळेच हात दाखवतात. तरी काका रजेवर असले, की मी सारखी मागे बघते. हल्ली त्यांनाही कमी ऐकू येतं. त्यांना कुणी काढू लागलं, तर शेठपुढे मी उभी राहीन, भीत भीत का होईना.