अण्णांच्या खिशातला तुकडा

धातूच्या पुडीपासून यंत्रांचे भाग छापणाऱ्या एका कंपनीचे शेअर घ्यायचे आणि वर्षानुवर्षं ठेवायचे, असं मी ठरवलं, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, भडकलेच. त्यांची हयात सांगलीत हळदीच्या व्यापारात गेलेली. पूड म्हटली की त्यांना आधी भेसळ दिसते. "पुडीत काय बी खपतंय. अख्खा माल दाव," म्हणाले.

मीही हट्टी. त्यांना गाडीत घातलं आणि थेट कंपनीच्या कारखान्यात नेलं. पूड वितळवून थरावर थर कसा चढवतात, हे तिथल्या इंजिनिअर बाई समजावत होत्या. अण्णांचं लक्षच नव्हतं. त्यांनी टेबलावरचा बोटाएवढा छापलेला तुकडा उचलला आणि सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघतात, तसा दोन्ही हातांनी मोडायला घेतला. चेहरा लाल झाला, पण तुकडा वाकलासुद्धा नाही. मला कुठं तोंड लपवू असं झालं. बाई मात्र पोट धरून हसल्या आणि तो तुकडा त्यांनी अण्णांनाच देऊन टाकला.

बाहेर येऊन अण्णा म्हणाले, "घे शेअर. आन् रोज भाव बघत बसू नगंस."

मी अर्थातच बघतो. भाव पडला की विकायला हात शिवशिवतात. "आवं अण्णा, विकू का?" असं विचारलं की ते खिशातून तो तुकडा काढून माझ्या हातात ठेवतात. "मोडून बघ. मोडला तर वीक."

परवा चहा पिताना मात्र त्यांनीच हळूच विचारलं, "आज भाव काय हाय रं?"

मी हात पुढं केला. "आधी तुकडा काढा."