काळ्या पडद्यासमोरचे साडू

माझ्या साडूंइतका कमी बोलणारा आणि तरीही इतक्या लांब ऐकू जाणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरा सापडणार नाही. नागभीडकडच्या एका लहानशा रेडिओ केंद्रात ते ट्रान्समीटर सांभाळतात. ट्रान्समीटर चार कोसांवर, जंगलातल्या टेकडीवर. साडू गावात, संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर. त्या पडद्यावर ना चित्र, ना बटण. साडू एका ओळीत हुकूम टाइप करतात, टेकडीवरचं यंत्र एका ओळीत उत्तर देतं आणि दोघांचंही समाधान होतं. माउस त्यांनी कपाटावर टाकून दिलाय. "उंदराची शेपूट धरून मशीन चालत नाई," हे त्यावरचं त्यांचं एकमेव भाष्य.

हुकूम अमलात येण्याआधी दोनदा वाचायचा, हा त्यांचा नियम घरातही शिरला. जेवताना "भात. थोडा. वरण नको," एवढंच म्हणायचं आणि वाढणारीने ते परत म्हणून दाखवेपर्यंत ताट पुढे करायचं नाही. माझी मेहुणी एकदा भडकली, "मी काही तुमची मशीन नाई!" साडूंनी विचार केला आणि म्हणाले, "नाई. मशीन वाद नाई घालत." पुढचा आठवडाभर त्यांनी स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.

गेल्या भाद्रपदात मी त्यांच्याकडे होतो. सकाळी निरोप आला, वरच्या धरणाची दारं दुपारी उघडणार. नदीकाठच्या मासेमारांच्या गावांना सांगायचं होतं. त्यातल्याच एका गावात आम्हा दोघांची सासुरवाडी, आणि फोन लागत नव्हता. नेमकी तेव्हाच टेकडीवरची वीज गेली, ट्रान्समीटर बंद पडला. वाटेवरचा नाला तुडुंब भरलेला. केंद्रातल्या नव्या इंजिनिअर बाईंनी ट्रान्समीटर चालवायचं त्यांचं रंगीत पान संगणकावर उघडलं. नेट इतकं बारीक की पान अर्धंच उतरलं. निवेदन करणाऱ्या बाई माइकसमोर कागद धरून बसल्या होत्या.

"भाऊ, तुमीच पाहा आता," इंजिनिअर बाई म्हणाल्या.

साडूंनी हुकूम टाइप केला. उत्तर आलं: हुकूम चुकीचा. एक अक्षर जास्त पडलं होतं. त्यांनी हात पॅंटला पुसले, ओळ पुन्हा लिहिली, दोनदा नाही, चारदा वाचली आणि एंटर दाबलं. बऱ्याच वेळाने पडद्यावर एक ओळ उमटली. ट्रान्समीटर बॅटरीवर सुरू झाला होता.

लगेच त्यांनी त्याची ताकद अर्ध्यावर आणली. "काऊन कमी करून राह्यले?" मी घाबरून विचारलं.

"बॅटरी टिकली पाह्यजे. दूर नाई गेला आवाज तरी चालते. काठावर गेला पाह्यजे."

बॅटरी संपेपर्यंत बाई तेच निवेदन वाचत राहिल्या. पाण्यात काही होड्या-डोंगे आणि जाळी गेली. माणसं सगळी शाळेच्या उंचवट्यावर पोचली होती. सासूबाई तर कोंबड्यांसकट.

पंधरा दिवसांनी मी साडूंच्या शेजारी बसलो असताना काठावरची एक म्हातारी पदराखाली मरळ मासा घेऊन केंद्रात आली. "रेडिओवर सांगनारी बाई कुठी बसते?"

"आत," साडू म्हणाले.

परतताना ती त्यांच्या टेबलाशी थबकली. काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुमी काय करता, भाऊ?"

मी तोंड उघडणार होतो. साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसतो," ते म्हणाले.

"बसा," म्हातारी मायेने म्हणाली आणि नदीच्या वाटेला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत साडूंचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच होता.