सरदाराचे पाय

माझ्या विहीणबाईंच्या दारातून आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर एक माणूस उभा आहे. खरं म्हणजे तो आडवा आहे. इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चमध्ये, फरशीत बसवलेल्या पितळी पत्र्यावर तो कोरलेला आहे आणि तिथे तो कायमचा झोपलाय. विहीणबाईंनी तिथे जाऊन त्या पत्र्यावर लांबलचक कागद अंथरला, वरून काळं मेण घासलं आणि त्याचा ठसा घेतला. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तस्सं. मग गुंडाळी करून त्याला विमानाने इकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला आणलं. पुरुषभर उंची, अंगात चिलखत, कमरेला तलवार, छातीवर जोडलेले हात आणि पायाशी कुत्रं. हा त्यांचा पूर्वज. मध्ययुगातला नाइट, म्हणजे राजासाठी घोड्यावर बसून लढणारा सरदार. त्याच्यापासून विहीणबाईंपर्यंत वीसेक पिढ्या होतात म्हणे.

मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता.

कारण सांगते. हे गेल्यावर मुलगा मला सांगलीहून इकडे घेऊन आला. घरात तो, माझी अमेरिकन सून, आणि नात. विहीणबाईही एकट्याच, अर्ध्या तासावर राहतात. बाई वाईट नाहीत, उलट चांगल्याच आहेत आणि तीच तर पंचाईत आहे. वाईट असत्या तर मला उघडउघड रागावता तरी आलं असतं. मी नातीचा डबा भरायचा, वेण्या मी घालायच्या, तापात रात्रभर कपाळावर घड्या मी ठेवायच्या, आणि रविवारी या यायच्या नि तासाभरात पोरगी खिशात घालून जायच्या. त्यांच्याकडे सरदार होता. माझ्याकडे काय, मऊभात.

नातीच्या प्रत्येक वाढदिवसाला विहीणबाई तिला सरदाराशेजारी उभी करतात आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारतात. पहिल्या वर्षी ती त्याच्या कुत्र्याच्या वर थोडीशीच होती. मग गुडघा आला, मग चिलखताची कड, मग तलवारीचा पट्टा. त्याच दिवशी सकाळी मी औक्षण करायची, तर बाईसाहेब पाटावर एका जागी बसतील तर शपथ. सुपारी उचलून बघ, कुत्र्यासारखं अंग झटकून अक्षता पाड, आणि ‘आजी, आर वी डन?’ तिथे मात्र भिंतीला टाच लावून, श्वास रोखून, खांबासारखी उभी. मी बघत बसायची. पोटात दुखायचं. आता वय झालं, खोटं कशाला बोलू, चक्क मत्सर वाटायचा.

सरदाराची कथा मला तोंडपाठ झाली होती, इतक्यांदा ऐकली. एका छोट्या जमीनदाराचा तो मुलगा. सातव्या वर्षी त्याला दुसऱ्या मोठ्या सरदाराच्या घरी पाठवून दिलं. तिथे ताटं वाढायची, घोड्यांची लीद काढायची, वाळू आणि व्हिनेगर घालून चिलखतं घासायची. मोठा झाल्यावर फ्रान्सच्या लढाईत गेला, पकडला गेला, आणि त्याच्या बायकोने मेंढ्यांची लोकर विकून त्याला सोडवून आणलं. परत आला तो लंगडत. मुलगे होते, ते एकामागून एक साथीत गेले. उरली एक मुलगी. त्या मुलीपासून पुढे वंश वाढत वाढत, शेतकरी, चांभार, जहाजावरून आलेला कोणी, असं करत करत इलिनॉयपर्यंत पोचला.

‘त्या मुलीचं नाव काय?’ मी एकदा विचारलं होतं.

‘ते कुठे लिहिलेलं नाही,’ विहीणबाई म्हणाल्या. ‘नुसतं ‘त्याची मुलगी’ एवढंच.’

मला तेव्हा बरं वाटलं होतं. एवढ्या मोठ्या वंशावळीला कुठेतरी भोक आहे, या विचाराने मी दिवसभर खूश होते. इतकी मी खालच्या पातळीला गेले होते.

या वर्षी नात सात वर्षांची झाली आणि दुसरीत गेली. मार्चमध्ये शाळेत एक कार्यक्रम ठरला. प्रत्येक मुलाने आपल्या एका पूर्वजाची गोष्ट सांगायची आणि सोबत घरातलं एक वडीलधारं माणूस आणायचं. एकच, कारण जागा कमी. मी मनात धरूनच चालले की मीच जाणार. घरात राहते कोण? मी हळूच बॅगेतून इरकल काढली, इस्त्री करून हँगरला लावली. आणि त्याच संध्याकाळी जेवताना पोरीने जाहीर केलं की ती सरदार होणार आणि ग्रॅमा येणार.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण तोंडाने काय म्हटलं, तर ‘वा वा, छान.’ भाजी वाढताना डाव आपटला तेवढाच.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला दादाला फोन लावला. म्हटलं, ‘दादा, आपल्या घराण्यात लढाईला वगैरे कोणी गेलं होतं का रे?’

दादा म्हणाला, ‘लढाई? आपल्याकडे भाऊबंदकीशिवाय लढाई झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.’

‘पणजोबांच्या आधी कोण होतं?’

‘श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतो, तेवढी घे. त्याच्या पलीकडे भटजी विचारत नाहीत आणि मला माहीत नाही. कशाला हवंय तुला?’

‘काही नाही रे, सहज.’

म्हणजे विहीणबाईंच्या वीस पिढ्या आणि माझ्या तीन, त्यातही सगळे कारकून. मी फोन ठेवला आणि इरकल परत बॅगेत घातली.

त्यानंतरच्या रविवारी तालमी सुरू झाल्या. मी धुतलेले कपडे घेऊन तळघरात उतरले, तर समोर माझी नात गालिच्यावर ताठ झोपलेली. डोळे मिटलेले, छातीवर हात जोडलेले, पायाशी तिचा कापडी कुत्रा. आणि पाय दक्षिणेकडे.

माझ्या हातातली बास्केट पडली. मी ह्यांना शेवटचं पाहिलं ते असंच. हॉलमध्ये, हात जुळवलेले, पाय दक्षिणेकडे केलेले. आमच्यात जिवंत माणूस त्या दिशेला पाय करून झोपत नाही, ती झोप फक्त गेलेल्यांची.

‘ऊठ,’ मी ओरडले. ‘आत्ताच्या आत्ता ऊठ तिथून.’

पोर दचकून उठली आणि भोकाड पसरलं. विहीणबाई सोफ्यावरून धावत आल्या. म्हणाल्या, ‘अहो, खेळ आहे तो. सरदार थडग्यावर असाच झोपलाय.’

‘तेच म्हणतेय मी,’ म्हटलं, ‘थडग्यावर.’

 त्या पोरीला मांडीवर घेऊन थोपटत बसल्या. पोरगी त्यांच्या गळ्यात हात टाकून माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी कोणी परकी बाई घरात घुसलेय. संध्याकाळी सून अगदी जपून म्हणाली, ‘आई, प्लीज, तिला अशी भीती घालू नका.’ मुलगा तर डोक्यालाच हात लावून बसला. ‘आई, यार, काय हे. ती सात वर्षांची आहे.’ मी म्हटलं, मला माहितीय किती वर्षांची आहे ते, तिची नखं मी कापते. आणि माझ्या खोलीत जाऊन रडले. त्या कागदी माणसाने माझ्याकडून तीही नेली, असं वाटलं.

सोमवारी सकाळी बसस्टॉपवर थंडीत आम्ही दोघी उभ्या होतो. ती माझ्याकडे पाठ करून होती. मग मीच म्हटलं, ‘काल ओरडले ना तुझ्यावर. पण सोन्या, आमच्यात दक्षिणेकडे पाय करून झोपत नाहीत.’

‘व्हाय?’

आता हिला आजोबांचं काय सांगू. म्हटलं, ‘नसतं झोपायचं. माझ्या आईने मला सांगितलं, तिला तिच्या आईने.’

‘दक्षिण म्हणजे कुठे?’

मी तिला उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभी केली आणि उजवा हात सरळ बाजूला करायला लावला. ‘हा हात जिकडे, तिकडे दक्षिण.’ तिने हात केला, पिवळी बस आली, तिने डोळे फिरवले आणि चढून गेली. काच धुरकट झाली होती, हात हलवला की नाही ते दिसलं नाही. मी समजले, गेलं वाऱ्यावर.

कार्यक्रमाच्या दिवशी सोबतीला एकच माणूस असलं तरी बाकीच्यांना मागे बसून बघता येणार होतं. मी जाणार नव्हते. सुनेने आग्रह केला, तिला आणि मुलाला कामावर जायचं होतं, म्हणून विहीणबाईंच्या गाडीत मागे बसून गेले. साध्या पँट-स्वेटरवर. पुढच्या सीटवर सरदाराची गुंडाळी, तिला सीटबेल्ट लावलेला.

शाळेच्या जिममध्ये मुलं फरशीवर बसली होती. एकाचा पणजोबा कोळशाच्या खाणीत होता, एकीची पणजी मेक्सिकोतून चालत आली होती. मग आमचा नंबर. विहीणबाईंनी कागद फरशीवर उलगडला, नि सगळी मुलं गुडघ्यांवर उठून बघायला लागली. विहीणबाईंनी गोष्ट सांगितली, आणि छान सांगितली, तेही मला टोचलं. नात राखाडी टोपडं घालून, ॲल्युमिनियम फॉइलची तलवार लावून उभी होती. ती मधून मधून बोलत होती. ‘सातव्या वर्षी त्याला घर सोडावं लागलं. आय ॲम सेव्हन, टू.’ विहीणबाईंच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. मी शेवटच्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसले होते, आणि माझा नुसता जळफळाट चालला होता.

शेवटी तिने सरदाराशेजारी झोपून दाखवायचं ठरलं होतं. ती खाली वाकली. आणि थांबली.

उठून सरळ खिडकीकडे चालत गेली. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि उजवा हात बाजूला सरळ केला. मुलं फिदीफिदी हसली. तिने हाताकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत आली, आणि सरदाराच्या पायाकडचं टोक धरून ओढायला लागली.

‘काय करतेस, बाळा?’ विहीणबाई गोंधळल्या.

‘त्याचे पाय चुकीच्या बाजूला आहेत.’

‘चुकीच्या म्हणजे?’ तिच्या शिक्षिकेने विचारलं.

तिने खांदे उडवले. जणू हे सगळ्यांना ठाऊकच असतं. म्हणाली, ‘वी डोंट स्लीप दॅट वे. आमच्यात नसतं.’

शेवटचे दोन शब्द मराठीत. त्या एवढ्या मोठ्या जिममध्ये ते फक्त मला कळले. डोळ्यांत एकदम पाणी आलं, समोरचं काही दिसेना. कागद करकरत होता. मग विहीणबाईंनी मुकाट्याने डोक्याकडचं टोक धरलं, आणि दोघींनी मिळून अख्खा सरदार, चिलखत, तलवार, कुत्र्यासकट फिरवला. पाय खिडकीकडे केले. नात त्याच्या शेजारी आडवी झाली, हात जोडले, डोळे मिटले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि इतक्या जोरात, की पुढच्या बाईने वळून पाहिलं.

परतताना नात माझ्याजवळ मागच्या सीटवर होती.  सिग्नलला थांबल्यावर विहीणबाई आरशात माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘खरं तर चर्चमध्येही त्याचे पाय पूर्वेलाच आहेत. तेव्हा सगळ्यांना तसंच पुरायचे, उठल्यावर सूर्य समोर दिसावा म्हणून. मीच आज कागद भलत्या दिशेला अंथरला. तिने बरोबर केलं.’

बघा म्हणजे. एवढंसं माझं होतं, त्यावरही सरदाराचा हक्क लागला. मी काही बोलणार होते, पण आरशात त्यांचा चेहरा दिसला. तो चेहरा मी ओळखला. प्रत्येक वाढदिवसाला, त्या पेन्सिलीच्या रेघेच्या वेळी, माझा तसाच होत असणार. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, बरंच वाटलं.

तेवढ्यात पोरीने विचारलं, ‘ग्रॅमा, सरदाराला आजी होती?’

‘असणारच की.’

‘तिचं नाव काय?’

विहीणबाई म्हणाल्या, ‘माहीत नाही, राणी. कोणी लिहून ठेवलं नाही.’

पोरगी विचारात पडली. टोपडं काढून मांडीवर ठेवलं, तलवारीचं फॉइल सोलायला लागली.

‘पण मग,’ ती म्हणाली, ‘कसं झोपायचं ते त्याला कोणी सांगितलं?’

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला तरी विहीणबाई गाडी हलवेनात. मग मीच पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, चला.