काकांनी करून दिलेली ओळख

“ही इज आल्सो इंडियन, सर. बट डिफरंट,” काका म्हणाले. अधिकाऱ्याने गाडीचं दार उघडून मला खाली उतरवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टेक्सासमध्ये शिकत होतो. तिथल्याच अर्विंग गावात या ओळखीच्या मराठी काका-काकूंकडे राहायचो, फुकट. आडनावावरून पहिल्याच दिवशी जात ओळखली होती त्यांनी. काकू वाढताना विचारायच्या, “तुमच्यात हे चालतं ना?” रोज. मी मान हलवायचो. डोक्यावर छप्पर त्यांचं होतं.

लाँग वीकेंडला आम्ही सरहद्दीवरची नदी बघायला गेलो. गढूळ पाणी, काठाला पुरुषभर उंच बोरू, पलीकडे मेक्सिको. बोरूत ओले शर्ट टाकून दिलेले. माणसं पोहून येतात, कोरडे कपडे चढवतात आणि चालू लागतात. काकूंनी फोटो काढले.

परतताना हायवेवर इमिग्रेशनची चौकी लागली. अधिकारी डोकावला, माझ्याकडे बोट करून म्हणाला, हा कोण? सगळ्यांचे पासपोर्ट काकांच्या मांडीवरच्या पिशवीतच होते. माझा काढून दिला असता, तर संपलं असतं. पण आधी त्यांना खुलासा करायचा होता. हा काळा त्यांच्या जातीतला नाही, असा.

पासपोर्ट नंतर दिला. तो तपासेपर्यंत मला चौकीमागच्या बाकावर बसवलं. तिथे नदी ओलांडून आलेले दोन पुरुष आणि एक बाई होती. बुटांना चिखल. बाई सरकली, मला जागा दिली. काही विचारलं नाही तिने. मला रागही धड येईना. एवढा समुद्र ओलांडून परत तेच. नुसता थकलो होतो.

अर्ध्या तासाने त्या तिघांना व्हॅनमध्ये भरलं. मला सोडलं, पासपोर्ट काकांच्या हातात दिला.

काका म्हणाले, “मनाला लावून घेऊ नकोस यार. खोटं काय बोललो मी? चल, मागे बस.”

“नाही बसत. माझी बॅग आणि पासपोर्ट द्या.”

“अरे, राहणार कुठे मग?” काकूंनी विचारलं.

ते मलाही माहीत नव्हतं. बसस्टँड चार मैलांवर होता. रणरणत्या उन्हात चालत गेलो.

अजून लोक विचारतात, तुम्ही कुठले? मी गाव सांगतो, गावाबाहेरची वस्ती सांगतो, जात सांगतो. पहिल्याच वाक्यात. कुणाचा चेहरा पडतो, कुणी विषय बदलतं. बदलू दे. मी कोण ते सांगायचं काम आता कुठल्याही काकाकडे देणार नाही.