औषध दिलेला लिंब

आबांचं काम झाडं छाटायचं. लातुरात कुणाच्या पत्र्यावर फांदी आली, कुठं विजेच्या तारेला झाड लागलं, की आबांना फोन यायचा. कमरेला दोर बांधून ते चढायचे. त्या चढण्या-उतरण्यावर मी शेतकीची पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

पदवीनंतर मी आबांच्याच धंद्यात आलो. लोक आम्हाला झाड वाळल्यावर बोलवतात, हे मला सलायचं. आबांना म्हटलं, आपण आजारी झाडं बरीही करू. ते कोयत्याला धार लावत होते.

"कर. पण पयलं झाड जगलं पायजे. ते मेलं तर लोक म्हणतील, बापाला कापायला काम मिळावं म्हणून पोरानंच मारलं."

ते हसत होते. मला मात्र तेव्हापासून चैन पडेना.

पहिलं झाड मिळालं ते एका मावशींच्या पिठाच्या गिरणीपुढचं. कडुलिंब. अलीकडे पावसाळा सरला की आमच्याकडचे लिंब शेंड्याकडून वाळत येतात. पार धर्माबादपर्यंत बघा, जाळ लागून गेल्यासारखी झाडं दिसतात. मावशींनी आबांना तोडायलाच बोलावलं होतं. मी म्हटलं, थांबा, उपचार करून बघू.

"लिंबाला औषध?" मावशी म्हणाल्या. "म्हणजे डॉक्टरलाच सलाईन लावायचं म्हण की."

आम्ही वाळकी टोकं छाटून जाळली आणि बुरशीनाशक फवारलं. जाहिरात व्हावी म्हणून मी खोडाला पाटी बांधली : 'या लिंबाला औषध दिले आहे.' फाल्गुनात तांबूस पालवी फुटली. तिच्यावर रोग परत येऊ नये म्हणून मी पुन्हा फवारलं. झाड जगतंय असं वाटत होतं, तरी कामाला जाताना मी वाट वाकडी करून ते बघून यायचो.

पाडवा जवळ आला होता. गिरणीपुढं दळणाला आलेल्या दोघी वर बघत उभ्या होत्या.

"यंदा पाला हितलाच न्यायचा," एक म्हणाली. "औषध दिल्याला हाय. डबल गुण."

मी पाटीकडं बघितलं. आमच्याकडे तापावर घेतात ते औषध आणि तुरीवर मारतात तेही औषधच. पाटी मीच लिहिलेली. घरी येऊन बुरशीनाशकाच्या डब्यावरचा कागद वाचला. फवारल्यावर किती दिवस खाऊ नये, त्या यादीत द्राक्ष होतं, भुईमूग होता, लिंब नव्हता. फवारलेला लिंब कुणी खाईल, हे कागद लिहिणाऱ्याच्या मनात तरी कसं यावं?

दुसऱ्या दिवशी पाटी बदलायला गेलो. 'पाला खाऊ नये' हे वाचून मावशी भडकल्या. "पाडव्याच्या तोंडावर असली पाटी? लोक म्हणतील झाडात ईख हाय. माझ्याकडं दळण कोण आणल मग?"

"मावशी, पण कुणी खाल्लं तर?"

त्यांनी नवी पाटी काही बांधू दिली नाही.

आबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पाडव्याला उजाडायच्या आत त्यांनी मला टेम्पोत बसवलं. चाकूरकडच्या एका ओळखीच्या बांधावरून त्यांनी आदल्या दिवशीच लिंबाचे डहाळे आणून ठेवले होते. गिरणीपुढं टेम्पो लावून आबा लोकांना सांगू लागले, "ह्या झाडावर फवारा मारल्याला हाय, ते न्हाई खायचं. ह्यो घ्या, रानातला."

लोक घेऊन गेले. एका म्हाताऱ्यानं मात्र झाडाचा पाला आधीच पिशवीत भरला होता.

"बाबा, तो टाका," मी म्हणालो.

"ह्या वयात मला मरणाचं भ्या घालायलास व्हय?"

"तुम्हाला न्हाई बाबा, मलाच भ्या वाटायलंय."

ते हसले आणि त्यांनी पिशवी झटकली.

आता सुटलो, असं म्हणेपर्यंत खालच्या फांदीकडं लक्ष गेलं. एक डहाळी ताजी मोडलेली, आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. म्हाताऱ्याच्या पिशवीत नुसता ओरबाडलेला पाला होता. म्हणजे आमच्याआधी आणखी कुणीतरी येऊन गेलं होतं. मावशींच्या दाराला कुलूप होतं. त्या लेकीकडं गेल्या होत्या आणि फोन उचलत नव्हत्या.

घरी आईनं पुरणपोळी वाढली, पण मी ती नुसती मोडत बसलो. कुणाच्या घरी, कुणाच्या पोटात गेली असेल ती पानं? आबा दोनदा म्हणाले, "जेव." तेही जेवत नव्हतेच.

गुढी उतरवायच्या वेळेला मावशींचा फोन आला. मी डहाळीचं विचारलं.

"म्याच मोडली. लेकीकडं गुढीला बांधली, खाल्ली न्हाई. तू एवढा कोकलत होतास, कशी खाईन?" मग म्हणाल्या, "घरचं झाड जित्तं असताना गुढीला दुसऱ्याचा पाला कशाला? जगलं म्हणायचं न्हवं आता?"

हो म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. आबा माझ्याकडं बघत होते.

"येत्या पावसाळ्यातून निभावलं की सांगतो, मावशी," मी म्हणालो.